करंगळीचे माप

बाबा गेले त्या दिवशी शाळा बंद होती. होडी हळर्ण गावाच्या खाली नदीत बुडाली. होडीत आम्ही तिघे होतो. दोघे वर आलो.

गोव्यात राजभाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. रस्त्यावर झाडे आडवी टाकलेली, गाड्या बंद. मला मास्तर होऊन दोन वर्षे झाली होती. बाबांच्या होडीवरचा एक गडी वाटेत अडकला म्हणून त्याच्या जागी मी गेलो. दुसरा गडी सिंधुदुर्गातला, आठ वर्षे बाबांबरोबर काम करणारा. तो बुडी मारून नदीच्या तळातून टोपले भरी, बाबा ओढून घेत आणि रेती होडीच्या मध्यावर ओतत. रेतीतले पाणी झिरपून तळाशी साचे. ते डब्याने उपसून टाकायचे काम माझे.

होडी किती भरायची याचे बाबांचे माप ठरलेले होते. काठाला बाहेरून चार बोटे आडवी लावायची, तर्जनी काठाशी, करंगळी खाली. करंगळी पाण्याला लागली की थांबायचे. त्या दिवशी त्यांचा उजवा तळवा शिंपल्याने कापला होता आणि त्याला फडके बांधलेले होते. डाव्या हाताने ते दोर धरून होते.

"तू बघ रे," ते मला म्हणाले. "करंगळी भिजली काय सांग."

मी हात लावला. पाण्यातून डोके काढून गडी हसला.

"मास्तरांची बोटां म्हणजे बारीक भेंडे! ह्या मापान आणखी धा टोपले बसतीत."

बाबाही हसले. "शिकलेली बोटां ती. खडू धरपाची."

मीही हसलो. मग आम्ही आणखी टोपली घेतली, दहा की जास्त ते आठवत नाही. करंगळी भिजली तेव्हा मी बस म्हणालो.

रेती तुये गावाच्या बाजूला उतरवायची होती. दुपारी ओहोटी लागली आणि समोरून वारा आला. वळणावर एक लाट काठावरून आत आली. मी डबा घेऊन उपसू लागलो. दुसरी आली. आतले पाणी डाव्या अंगाला धावले, होडी तिकडेच कलली, मग ओली रेती सरकली. सातवीच्या फळ्यावर पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूची आकृती मी दर वर्षी काढत असे. वजनाचा बाण खाली, पाण्याचा बाण वर. होडी आमच्या अंगावर पालथी झाली. बाबा पट्टीचे पोहणारे होते. ते होडीखाली रेतीत सापडले.

घरी आईने एकच विचारले. "किती बोटां होती?"

"चार," मी म्हणालो.

तेव्हा ती वाऱ्याला बोल लावू लागली. येणारे-जाणारेही वाऱ्यालाच बोल लावत.

बारावे झाल्यावर गड्याने मला किनाऱ्यावर बोलावले. होडी ओढून काढली होती. त्याने काठाला आपली चार बोटे लावली. त्याचा हात बाबांच्या हातासारखाच जाड, चिरा पडलेला.

"मास्तर, तुमचो हात लावा बघू."

मी शेजारी हात लावला. माझी करंगळी संपली तिथे त्याचे तिसरे बोट संपत होते.

"मी मस्करी केलंय," तो म्हणाला. "माप डोळ्यांसमोर होता, आणि मस्करी केलंय."

आईला सांगायला मला कित्येक महिने लागले. गोवा राज्य झाले त्या दिवशी, सुट्टी असूनही, शाळेत पेढे वाटले. माझ्या वाट्याचा पेढा मी तिला आणून दिला. ती भाजी निवडत होती. मी तिथेच बसलो आणि सगळे सांगितले. फडके, भेंडे, टोपली. ती निवडतच राहिली. संपल्यावर तिने हात पुसले, माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला. दोन्ही हात सारखेच होते, बारीक, लांब बोटांचे.

"तुजो हात म्हजेर गेला," ती म्हणाली. मग भाजी घेऊन आत गेली. पेढा तिने देवासमोर ठेवला.

पुढे गड्याने स्वतःची होडी केली. पहिल्यांदा पाण्यात घालण्याआधी त्याने मला बोलावून माझी बोटे काठाला लावून घेतली, आधी चार, मग त्यांच्या खाली आणखी एक, बाबांच्या चार बोटांएवढे, आणि तिथे बाहेरून पत्र्याची पट्टी ठोकली. "आता कोणाचोय हात नको," म्हणाला. पट्टी पाण्याला लागली की तो कुणाचे ऐकत नसे. गिऱ्हाईक ओरडले तरी नाही.

आई गेली. तोही गेला. रेती काढणे बंद झाले. त्याची होडी नदीकाठी उपडी पडून आहे. पट्टी अजून आहे, माझ्या पाच बोटांवर.