भागरथाबाईंचा रॅम्प

“बाबू, हे इथी काऊन बांधलं?” रॅम्पच्या टोकाला वॉकर टेकवून भागरथाबाईंनी विचारलं.

“पायऱ्या उतरायला नकोत म्हणून.”

“थे समजलं. पण इथी उतरून करू काय? एस्टीले हात दाखवू?”

समोर डांबरी रस्ता. मागे सांदवाडी, म्हणजे परस, आणि त्याला लागून तलाव. बाईंची हयात मासोळीत गेलेली, आणि मी रॅम्प काढला रस्त्याकडे!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गडचिरोलीकडे एका संस्थेसाठी मी अपंग म्हाताऱ्या माणसांच्या घरांत फेरफार करून द्यायचो. दार रुंद कर, संडासात धरायला पाइप लाव, पायऱ्यांच्या जागी रॅम्प दे. रॅम्प म्हणजे उतार. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. बाईंचा ओटा दोन फूट उंच, म्हणून हा चोवीस फुटांचा. त्याचा फोटो चंद्रपूरच्या ऑफिसात भिंतीवर लागला होता. फोटोत बाई नव्हत्या. मी होतो.

खुबा मोडल्यापासून बाई तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेल्या नव्हत्या. तिथे मासोळीचे ढीग घालतात आणि ज्याने त्याने समोर उभं राहून आपला वाटा उचलायचा. बाईंचा वाटा शेजारचा सोमा आणून द्यायचा.

“पाळीवर मासे मोठे रायते,” बाई म्हणाल्या. “माह्या घरापर्यंत येता येता लहान होते.”

“सोमाला समज देऊ का?”

“त्याले मी पाहीन. तुम्ही मले पाळीवर पोचवा.”

मी चंद्रपूरला जाऊन संस्थेच्या साहेबांना गाठलं.

“एका घराला एकच रॅम्प,” साहेब म्हणाले.

“सर, तो चुकलाय.”

“फोटो तर छान आलाय.”

“फोटो छानच आहे, सर.”

“आपलं काम घरापुरतं. तलाव घरात येतो का?”

परत येऊन बाईंना सांगितलं, मंजुरी नाही.

“मंजुरी तुमाले लागते बाबू. मले उतार लागते.”

मग मी सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि फोटोतला रॅम्प फोडला. बाई ओट्यावर बसून, कुठे घाव घालायचा ते सांगत होत्या. तेच दगड मागच्या दाराशी उतार करून लावले, पुढे पाळीपर्यंत मुरूम दाबला. मुरूम टाकायला सोमाही आला. त्याला वाटलं, वाट संडासाकडे जातेय.

पुढच्याच आठवड्यात साहेब पाहुण्यांना घेऊन जीपने हजर.

“रॅम्प कुठाय?”

“बाईंबरोबर गेला, सर.”

सगळे पाळीवर गेलो. बाई वॉकर रोवून ढिगांसमोर उभ्या होत्या. “सोमा, माह्या ढिगातला थो मोठा मरळ खाली ठेव. आता माह्या वाट्याले माहे डोळे हायेत.”

सोमाने मरळ ठेवला.

“बाई, संस्थेचं काम असं फोडतात का?” साहेबांनी विचारलं.

“घर माह्यं, पाय माहे. तुमचा फोटो भिंतीवर हाये ना? त्याले कोणी हात लावला नाई.”

पाहुणे हसले. साहेब हसले नाहीत. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मला यथेच्छ झापलं. भिंतीवरचा फोटो मात्र उतरवला नाही. नसलेल्या रॅम्पवर मी पुढे कित्येक वर्षं ऐटीत उभा होतो.

तेव्हापासून मापाची टेप उघडण्याआधी मी विचारतो, तुम्हाला जायचंय कुठे? ड्रॉइंगमध्ये ते लिहिलेलं नसतं.