पंगतीतून निवडलेली टीम

आमच्या टीमचे किस्से आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांसारखे आहेत. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण कपाटाचं दार उघडलं की धडाधड अंगावर येतात. परवा ब्रिस्टलहून मैत्रीण आली होती. तिला चहा होईपर्यंत एक सांगायला घेतला आणि तिची ट्रेन चुकली. तेव्हा तुम्हीही आधी घड्याळ बघून घ्या.

कॉव्हेंट्री आणि आसपासच्या मराठी लोकांची एक उन्हाळी फुटबॉल लीग आहे. चार टीम, बायका-पुरुष एकत्र, दर रविवारी कौन्सिलच्या मैदानावर. सगळे चांगले खेळाडू एकाच टीममध्ये जाऊन बसू नयेत म्हणून दर वर्षी पाडव्याच्या जेवणानंतर ड्राफ्ट होतो. खेळायचं असेल त्यांनी नाव द्यायचं आणि चार मॅनेजरांनी आळीपाळीनं एकेकाला उचलायचं. आदल्या वर्षी जी टीम तळाला, तिला पहिला पिक, बाकीच्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून. आमचा पहिला पिक सहसा चुकत नाही.

आमचे मॅनेजर मधूकाका. मूळचे कोल्हापूरचे, त्यामुळे फुटबॉल रक्तातच. नोकरीभर इथल्या एका मोटार कारखान्यात गिअरबॉक्स तपासायला होते, म्हणून माणूस समोर आला की पास की रिजेक्ट, एवढंच त्यांना सुचतं. काकू गेल्यापासून त्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि रविवारीच संपतो. यंदा मात्र कमिटीनं गोड बोलून सांगितलं, की काका, या वर्षीही तळाला राहिलात तर शिट्टी निखिलकडे द्या. काका "बरं" म्हणाले. मला ते "बरं" ऐकवलं नाही.

निखिल आमचा असिस्टंट मॅनेजर. नागपूरचा, बँकेत डेटा बघतो, आणि गुणी आहे हो, उगाच कशाला नावं ठेवा. पण त्याला माणसं लॅपटॉपवर दिसतात आणि काकांना पंगतीत.

*

माझीच निवड कशी झाली ते सांगते.

मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. शाळेत खो-खोलासुद्धा मला कुणी घेत नसे. कॉव्हेंट्रीत आले त्या वर्षी पाडव्याच्या जेवणाला गेले, तर हॉलमधल्या घडीच्या टेबलाचा एक पाय वळला आणि श्रीखंडाचं भलं मोठं पातेलं घसरत निघालं. सगळे "अरे, अरे" करत मागे सरकले. मी पुढे झाले आणि पातेलं पोटावर अडवलं. नवी पैठणी, त्यावर केशर-वेलची.

मी रडकुंडीला आलेली, आणि एक म्हातारे गृहस्थ ताट बाजूला ठेवून माझ्याकडे आले. मला वाटलं, रुमाल देतायत.

"नाव काय गं तुझं?"

"मंजिरी."

"मंजू, गोलकीपर मिळाला," ते म्हणाले आणि परत जेवायला बसले.

*

तर ही काकांची पद्धत. बाकीचे मॅनेजर पाडव्याच्या सकाळी मैदानावर ट्रायल घेतात. शंकू मांडतात, शिट्ट्या मारतात, मुलांना पळवतात. काका आंघोळ करून थेट हॉलवर येतात आणि पहिल्या पंगतीत कोपऱ्यातली खुर्ची धरतात. आमच्याकडे प्रथा अशी, की लीगमध्ये नाव दिलेल्या प्रत्येकानं एकेका पंगतीला वाढायचं. काका भात कालवता कालवता त्यांच्याकडे बघत असतात.

"मैदानात काय बघायचं? तिथं सगळे शहाण्यासारखे वागतात," ते म्हणतात. "हातात डाव आला की माणूस कळतो बघ."

ओळखीच्यांच्याच ताटात तूप सोडणारा फॉरवर्ड. नको नको म्हणताना पोळी टाकणारा डिफेंडर. आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाला कुणाची आमटी संपलीय हे इथून ज्याला दिसतं, तो मिडफिल्डर. असा माणूस दहा वर्षांत एकदा सापडतो, असं काकांचं म्हणणं.

*

तो एकदा सापडला!

उंच, शांत मुलगा. दोन हातांत दोन भांडी, पाण्यासारखा सरकत होता. कुणाला मागावं लागलं नाही, कुणाचं ताट रिकामं राहिलं नाही. काका जेवायचे थांबले. "पहिला पिक," ते मला कुजबुजले, "कुणाला सांगू नको."

ड्राफ्टला काकांनी उठून बोट दाखवलं. मग कुणीतरी हळूच सांगितलं, "काका, तो केटररचा माणूस आहे. लेस्टरचा. हितेश."

"मग काय झालं? त्याला विचारा की."

हितेशला विचारलं. तो म्हणाला, क्रिकेट खेळलोय, फुटबॉल कधी नाही, पण अंकल एवढ्या प्रेमानं बोलावतायत तर येतो. पहिल्या मॅचला आला. आणि खरंच, काय पास देत होता! आमच्यांना दिले, समोरच्यांना दिले, ज्याच्याकडे बराच वेळ बॉल आला नव्हता अशा प्रत्येकाला शोधून शोधून दिले. आम्ही सात गोलांनी हरलो.

निखिलनं डोक्याला हात लावला. काका म्हणाले, "त्याचं काय चुकलं? पंगतीत भेदभाव करायचा नसतो."

*

यंदा काकांची शिट्टीच पणाला लागल्यावर निखिलनं काकांना गळ घातली, की निदान माझे आकडे तरी बघा. त्यानं सगळ्या उमेदवारांच्या मनगटाला घड्याळं बांधून सराव करायला लावला होता. त्यात सगळ्यांत जास्त पळणारा निघाला प्रसाद. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, व्हिसावर येऊन दोनच वर्षं झालेली.

"काका, ह्याचे नंबर बघा ना. असा स्टॅमिना कोणाकडेच नाही."

काका एक दिवस सरावाला गेले. प्रसाद खरोखर अखंड पळत होता. बॉल डावीकडे, तर हा उजवीकडे. बॉल उजवीकडे आला, की हा डावीकडे.

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पळतोय छान. पण बॉलनं ह्याचं काय घोडं मारलंय?"

तरीही त्यांनी प्रसादला मुलाखतीला बोलावलं. काकांच्या मुलाखतीत प्रश्न एकच असतो.

"घरी भांडी कोण घासतं?"

"डिशवॉशर आहे, काका."

"त्यात लावतं कोण?"

"मीच लावतो." मग प्रसादनं जरा विचार केला. मुलगा प्रामाणिक आहे. "मी लावतो, आणि मग बायको सगळी काढून परत लावते."

काका माझ्याकडे वळले. "डिफेन्सला नको. मागून कुणीतरी निस्तरावं लागतं."

*

मेडिकलचं राहिलंच.

काकांची मेडिकल म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि हात न टेकता उठायचं. ज्याला जमलं, त्याचे गुडघे पास. यंदा हे चालू असताना डॉक्टर सबनीस तिथे आले. सबनीस म्हणजे हाडांचे मोठे सर्जन आणि सध्याच्या सगळ्यांत तगड्या टीमचे मॅनेजर.

"मधूकाका, ह्याला काही सायंटिफिक बेसिस नाही हो. हे कुणालाही जमतं. हे बघा."

आणि ते बसले. अगदी ऐटीत बसले.

मग उठायची वेळ आली. एकदा झाले पुढे, एकदा झाले मागे. चेहऱ्यावरचं हसू तेवढं शाबूत होतं. शेवटी निखिल आणि प्रसाद दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं.

काका हळहळले. "चांगला माणूस. रिजेक्ट."

*

आता रिया.

रिया काकांची नात. जन्म इथला, एडिनबराला शिकते, तिथे युनिव्हर्सिटीच्या टीमकडून खेळते आणि ईस्टरला नि उन्हाळ्यात घरी येते. यंदा तिनं पहिल्यांदा लीगमध्ये नाव दिलं. झालं, सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याची शिट्टी वाचली. पहिला पिक आमचा, आणि सगळ्यांत चांगली खेळाडू घरातलीच. निखिलच्या लॅपटॉपमध्येही तीच पहिली.

पण पाडव्याला हॉलच्या दारातच तिनं आजोबांना अडवलं. "आजोबा, listen. तू मला नात म्हणून घेतला तर सगळे म्हणणार की फॅमिली आहे म्हणून घेतला. मला नाही चालणार. मी चांगला खेळते म्हणून घे, नाहीतर घेऊ नको. Promise?"

काका म्हणाले, "बरं." तेच कमिटीवालं "बरं".

मग पंगत बसली. काका कोपऱ्यात, त्यांच्या उजव्या हाताला मी. श्रीखंडाचा सगळ्यांना कंटाळा म्हणून यंदा बासुंदी होती, आणि ती वाढत होती रिया. काकांना डायबेटिस. बासुंदी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि घरात बंदी.

रिया आली. काकांनी वाटी पुढे सरकवली. तिनं वाटीकडे बघितलं, गोड हसली, डाव काकांच्या वाटीवर आणला आणि बासुंदी माझ्या वाटीत ओतली.

दुसऱ्या फेरीला काका म्हणाले, "चमचाभर तरी." तिनं पुन्हा त्यांच्याच वाटीकडे प्रेमानं बघितलं, आणि बासुंदी पुन्हा माझ्याकडे. तिसऱ्यांदा तर मीसुद्धा फसले, वाटलं या वेळी देते बहुतेक. माझी वाटी भरली. काका तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बराच वेळ बघत राहिले.

ड्राफ्ट सुरू झाला. काका उठले. निखिल हसतमुखानं रियासाठी टीमची जर्सी घेऊन उभाच होता.

"प्रसाद," काका म्हणाले.

प्रसादसकट सगळ्यांनी मागे वळून बघितलं, दुसरा कोणी प्रसाद आहे का म्हणून.

"काका!" निखिलचा आवाज रडवेला झाला. "का?"

"वाढायला त्याचं मन नव्हतं. पण उष्टी ताटं कुणी न सांगता हाच उचलत होता. बस की खाली."

सबनीसांनी पुढच्या श्वासाला रियाचं नाव घेतलं आणि वर टोमणाही मारला, "बासुंदीचा राग असा काढू नये, काका." हॉल हसला. रियाचं तोंड एवढंसं झालं. मागितलं तेच मिळालं होतं, तरी झालं. मला काकांचा भयंकर राग आला होता. माणसानं वाटीभर बासुंदीपायी स्वतःची शिट्टी घालवावी!

*

आणि आली शेवटची मॅच. आमची आणि सबनीसांची.

त्यांना कपसाठी जिंकायलाच हवं होतं. आम्हाला तळ चुकवायला बरोबरी पुरत होती. रियानं दहाव्या मिनिटाला गोल मारला, आणि असा मारला की मी टाळी वाजवता वाजवता थांबले. काका बाजूला उभे. शिट्टी गळ्यात होती, पण हातात धरलेली. निखिल त्यांच्याकडे बघायचं टाळत होता. त्यालाही ती शिट्टी अशी नको होती, हे मला त्याच्या मानेवरूनच कळत होतं.

संपायला थोडा वेळ असताना प्रसाद नेहमीप्रमाणे बॉलपासून दूर पळत होता, म्हणजे त्यांच्या गोलच्या दिशेनं. आमच्या एकानं मागून वैतागून बॉल लाथाडला. तो प्रसादच्या पाठीवर आदळला आणि आत गेला. उन्हाळाभर चुकवला, शेवटी बॉलनंच त्याला गाठला. प्रसाद अजून पळतच होता. त्याला थांबवून सांगावं लागलं.

एक-एक. आणि अगदी शेवटाला आमच्या डिफेंडरच्या हाताला बॉल लागला. पेनल्टी.

बॉल ठेवला रियानं. सबनीस गुडघे विसरून उड्या मारायच्या तयारीत. यापुढे रविवारी हा माणूस सकाळी उठून काय करणार, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

काका मैदानाच्या कडेनं चालत चालत माझ्या गोलच्या मागे आले. जाळीला तोंड लावून हळूच म्हणाले, "मंजू, ती ज्याच्या वाटीकडे बघते, त्याला वाढत नाही."

रियानं मान वर केली. माझ्या डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. अगदी प्रेमानं, गोड हसून.

मी उजवीकडे उडी मारली. उडी कसली, पडलेच. बॉल येऊन पोटावर बसला, बरोब्बर श्रीखंडाच्या जागी, आणि मी त्याला मिठी मारली.

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण प्रसाद माझ्या अंगावर पडला होता आणि त्याच्यावर निखिल. निखिल रडत होता. उठून बघते तर बक्षीस समारंभाची टेबलं लागली होती आणि काका खुर्चीवर बसले होते. शिट्टी गळ्यात.

रिया तरातरा चालत त्यांच्यासमोर आली. डोळ्यांत पाणी, चेहरा लालबुंद.

"आजोबा, तुला कसा कळला? मी कोणालाच नव्हता सांगितला. Nobody! माझा कोचला पण नाही माहीत!"

काकांनी शेजारच्या टेबलावरची रिकामी वाटी उचलली आणि तिच्यापुढे धरली.