दांड्याचं पुढचं टोक

आमच्या संघातल्या लछमनने सायकल भिंतीला न टेकवता तशीच अंगणात आडवी टाकली, तेव्हाच मी चपला पायात सरकवल्या. त्याची सायकल म्हणजे त्याचा जीव की प्राण. "वामन, दादा गया," एवढंच म्हणाला आणि ओट्यावर बसून राहिला. अंबरनाथ स्टेशनापासून दादाची मोरिवली ती किती लांब! पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. पोचलो तर पडवीत बाळारामदादाला निजवलेलं, आणि तिरडीसाठी बांबू शोधणाऱ्या कुणा पाहुण्याची नजर वर गेलेली. तिथे पडवीभर लांब आणि शिवाय दोन हात बाहेर आलेला एक लाकडी दांडा टांगलेला असतो, घरची धुणी त्याच्यावरच वाळतात. "हा मधोमध कापला की दोन होतील," पाहुणा म्हणाला. रडून आवाज बसलेली वहिनी ताडकन उठली. "त्याला हात नाय लावायचा. गोलाचा दांडा हाय तो. रविवारी लागतो."

तीन आठवड्यांनी शोकसभा झाली. मुंबईच्या लीगमधले एक बडे गृहस्थ आले होते. दादाबद्दल चार शब्द बरे बोलले, आणि मग म्हणाले, की आता दादाच्या 'नदीकाठ' फुटबॉल संघाने भावनेच्या आहारी न जाता पहिल्या विभागातून सन्मानाने बाहेर पडावं. पाठीशी गिरणी नाही, कारखाना नाही, अशा संघांनी वरच्या विभागाची हौस करू नये. लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकं असं फिरलं म्हणता! शोकसभेत भांडायचं नसतं म्हणून गप्प बसलो, ते आता इथे लिहितो आहे. सहा मोसम आम्ही पहिल्या विभागात टिकलो. सहा मोसम काय कुणी हौसेने टिकतं?

दादा सुतार. लढाईच्या दिवसांत वालधुनी नदीपलीकडे लष्कराची छावणी होती, तिथे दारं-खिडक्या दुरुस्त करता करता त्याने सोल्जरांचा फुटबॉल पाहिला आणि येडा झाला. सोल्जर गेले, गोलाचे खांब राहिले. मग फाळणी झाली, त्याच बराकी सिंधी निर्वासितांनी भरल्या. पहिल्या थंडीत जळण मिळेना. हाताला लागेल ते लाकूड चुलीत जाऊ लागलं. त्यांचा तरी काय दोष, पोरं उपाशी होती. दादाने एका दुपारी गोल उतरवले. एक आडवा दांडा स्वतःच्या पडवीत टांगला, दुसरा त्या बराकींतल्या, कॅम्प तीनमधल्या, लछमनच्या आईला दिला. एका बराकीत दोन कुटुंबं, मध्ये आडोसा नाही. तिने त्या दांड्यावर गोणपाटाचा पडदा सोडला. रविवारी खेळासाठी दांडा निघाला, की पडदाही निघायचा आणि दोन तास दोन्ही घरांचं एक घर व्हायचं. "इतवार को हम सब रिश्तेदार," म्हातारी हसून म्हणायची.

अशा त्या दोन दांड्यांखाली आमचा संघ उभा राहिला. मोरिवलीची आगरी पोरं, कॅम्पातले लछमनसारखे सिंधी, आणि माझ्यासारखे दोन-तीन शाळा शिकलेले पांढरपेशे. पैसा लागत नाही असं मी म्हणत नाही. चेंडू कुणी फुकट देत नाही, बूट तर नाहीच नाही. दादा त्यासाठी कामावरून आल्यावर पोळपाट-लाटणी करून कॅम्पच्या बाजारात विकायचा. जर्सी म्हणून साधी बनियनं लछमनची आई हंड्यात लाल रंगवायची. पहिल्याच पावसात तो लाल रंग उतरला आणि अकराही जणांची बनियनं गुलाबी झाली. हसले लोक. पण मॅच आम्ही जिंकली होती!

पहिल्या विभागात गेलो आणि गिरण्या-कारखान्यांचे संघ आमची माणसं उचलायला लागले. नोकरी, बूट, कुणाला राहायला खोली... नाही कोण म्हणेल? दादा कुणालाच अडवत नसे. "पोराला नोकरी लागते, मी कोन अडवनार?" पण त्याची एक अट होती. "जागा रिकामी ठेवून जायचं नाय." जाणाऱ्याने आपल्या जागी नवा माणूस शोधायचा, अख्खा पावसाळा दर रविवारी त्याला शिकवायचं, मग दादा हातात नारळ द्यायचा आणि वेशीपर्यंत सोडायला जायचा. दर साली तीन-चार जण गेले आणि दर साली तितकेच उभे राहिले. बड्यांनी खेळाडू विकत घेतले, आम्ही तयार केले. संघ कसा टिकतो, हे विचारायचं होतं तर त्या गृहस्थांनी रविवारी मोरिवलीला यायचं होतं.

आता माझी गोष्ट सांगतो, सांगताना लाज वाटते तरी सांगतो. मी गोलकीपर. एका कारखान्याने मला कारकुनाची जागा देऊ केली. पावसाळाभर थांबलो तर ती हातची जाईल, या भीतीने मी सोमवारी गुपचूप कामावर रुजू झालो. दादाला कळवलंसुद्धा नाही. त्या मोसमाची शेवटची मॅच नेमकी आमच्या कारखान्याशी होती. 'नदीकाठ'ला विभागात राहायला बरोबरी तरी हवी होती, आणि त्यांच्याकडे गोलकीपर नव्हता. माझ्या जागी चाळिशी ओलांडलेला, करवतीने एका बोटाचं पेर गेलेला दादा स्वतः उभा राहिला. आमच्या लोकांनी त्याला चेंडूंनी अक्षरशः भाजून काढला. एक गोल झाला, बाकी सगळं त्याने अडवलं. हातांनी, छातीने, एकदा तर थेट तोंडाने. कारखान्याच्या गोलात मी होतो; शेवटी शेवटी लछमनने माझ्या डाव्या बाजूने चेंडू आत सरकवला आणि एक-एक झालं. ते राहिले विभागात! डोळा सुजलेला दादा माझ्याजवळ आला. वाटलं, आता शिव्या घालणार. "डावा हात अजून उशिरा येतो तुझा," म्हणाला आणि गेला. शिव्या घातल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

दोन वर्षांनी कारखान्यात नवे साहेब आले. त्यांना फुटबॉलची आवड नव्हती. फळ्यावर एक नोटीस लागली आणि पाठीशी कारखाना असलेला तो संघ दुपारच्या सुट्टीच्या आत संपला. हे त्या शोकसभेत कुणी बोललं नाही! साहेब बदलला की संघ बुडतो. आम्हाला साहेबच नव्हता, बदलणार कोण? पुढच्या रविवारी मान खाली घालून मी मोरिवलीला गेलो. "आलास? च्या घे," दादा म्हणाला. "आधी तुझी जागा भर, मंग बोल." मी पांडू नावाच्या नव्या पोराला शिकवलं. आज तो आमचा गोल राखतो, आणि त्याचा डावा हात वेळेवर येतो. त्यानंतरही दर रविवारी दादा मला च्यावर बसवून संघाचा हिशेब समजावायचा.

सभेनंतरच्या रविवारी पांडू आणि मी दांडा आणायला गेलो. दादा गेल्यापासून कुणी तो हलवला नव्हता. तो न्यायला दोन माणसं लागतात. पुढचं टोक नेहमी दादाच्या खांद्यावर; वळण आलं की "वलतो रंऽऽ" असा ओरडायचा, म्हणजे मागचा सांभाळायचा. वहिनी धुणी काढत होती. दादाचा कामावरचा सदरा अजून तिथेच होता, कधीचा वाळून कडक झालेला. तिने तो काढला, घडी केली, छातीशी धरला. पांडूने सवयीने मागचं टोक उचललं. मी नुसताच उभा.

"वहिनी," मी म्हटलं, "यंदा पहिल्या विभागाचा फॉर्म भरायचा, की..."

"त्यांनी कोनाला ठेवलं त्यांच्या जागी?"

"कुणालाच नाही. असा अचानक गेला..."

"मंग दर रविवारी तुमाला च्या कशाला पाजत व्हते, भावजी?"

डोळे भरून आले ते आलेच. वहिनीने सदरा कोनाड्यात ठेवला, पुढचं टोक दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या खांद्यावर दिलं. तिथे लाकूड झिजून खोलगट झालं आहे. दादा माझ्याहून बुटका, मागचा पांडू त्याच्याच उंचीचा, म्हणून मला थोडं वाकून चालावं लागलं. मोरिवलीच्या वळणावर मी घसा फुटेस्तोवर ओरडलो, "वलतो रंऽऽ!"

सोमवारी फॉर्म भरला. पहिल्या विभागाचा.