जीपला जादा फुप्फुस

डॉक्टर स्वतःच्या जीपच्या मागून कधीच जात नसत. समोरून डाव्या अंगानं यायचं, बॉनेटवर दोन थापा मारायच्या, "हो, बाई, हो" म्हणायचं आणि मगच दार उघडायचं. मी हसलो की म्हणत, "हसू नका मिस्त्री. सवय मोडली की एक दिवस खऱ्या म्हशीची लाथ बसती."

निलंगा तालुक्यात गुरांची डॉक्टरकी करण्यात त्यांचा जन्म गेला. जीप लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी. चारही चाकांना ताकद जायची खरी, पण निघण्याआधी चारही चाकं आपसात सल्लामसलत करतात की काय, असं वाटायचं. आमच्याकडची काळी माती पावसात माणसाची चप्पल ठेवून घेते. त्या चिखलातून वाड्या-वस्त्यांवर पोचणारी एवढी एकच गाडी होती. तिची दुरुस्ती माझ्या गॅरेजात व्हायची. बिघाड सांगताना डॉक्टर म्हणत, "कालपास्नं पेट्रोल पिऊन राहिली, पन अंगी लागंना."

एके दिवशी त्यांनी मोबाइलवर मला एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या वाळवंटात एक जीप टेकडीवरून उडत होती. तिला सुपरचार्जर बसवला होता. हा इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप असतो; हवा वाढली की ताकद वाढते.

"म्हंजे जादा फुप्फुस," डॉक्टर म्हणाले. "आपल्या बाईला बसवावं का?"

"डॉक्टरसाहेब, तिकडं वाळू हाय. वाळूत उडालेलं वाळूत पडतंय. आपल्याकडं चिखलात पडलं तर उन्हाळ्यातच सापडंल."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, विषय संपला. पुढच्याच आठवड्यात ते हैदराबादच्या जुन्या बाजारातून सुपरचार्जर घेऊन आले. बायकोच्या शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीनं. कंडक्टरनं विचारलं, "ह्ये काय हाय?" हे म्हणाले, "फुप्फुस." कंडक्टर उरलेला सगळा प्रवास नाकाला रुमाल लावून ड्रायव्हरजवळ उभा राहिला.

आणलं खरं, पण बसवायचं काही ठरेना. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी ठाम निर्णय घेतात आणि मग त्याच्यावर सगळ्यांचं मत मागत फिरतात. डॉक्टरांनी औशाच्या बाजारात गुरांचे सौदे करणाऱ्या हेड्यांना विचारलं, म्हशीला सुई टोचता टोचता मालकांना विचारलं, केस कापताना न्हाव्याला विचारलं. न्हावी म्हणाला, "बसवा." तर हे त्याच्यावरच उखडले, "तुला काय कळतंय रे त्यातलं?"

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं आणि गाड्या पुजतात. त्या वर्षी डॉक्टरांच्या अंगणात जीपला हार घातला आणि शेजारी पाटावर सुपरचार्जर ठेवून त्यालाही हळदकुंकू लावलं. दुसऱ्या वर्षीही तसंच. तिसऱ्या वर्षी त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "भाऊ, ह्या दोघांचं एकदा लावून तरी द्या, न्हाईतर सोयरीक मोडली म्हनून सांगा. माझा पाट अडकलाय."

पुढच्या उन्हाळ्यात मी शेवटी वैतागलो. "साहेब, खरं सांगू? इंजिन म्हातारं हाय. एवढी हवा कोंबली तर चार दिवस पळंल बी, पन एखाद्या दिवशी आतनं फुटंल. मग माझ्या हातात काहीच न्हाई. कामून एवढं जोरात पळायचं हाय तुमाला?"

मग डॉक्टरांनी जे सांगितलं, ते मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. ओढ्यातून वर जायला उभा चढ. एका पावसाळ्यात तिथल्या अक्काची म्हैस अडली. जीप चढावर धापा टाकत थांबली ती थांबलीच. डॉक्टर डोक्यावर बॅग घेऊन चिखलातून चालत वर गेले, तोवर म्हैस गेली होती. पोटातलं रेडकूही गेलं.

"अन् त्या अक्कानं मला चहा पाजला, मिस्त्री. पाय धुवायला गरम पानी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर लई बरं झालं असतं."

इतके दिवस मी त्यांची टिंगल करत होतो, याची लाज वाटली. मी म्हणालो, "आना उद्या. बसवू."

दुसऱ्या दिवशी ते आले, पण म्हणाले, "मालकाला विचारायचं राहिलंय." गुरांच्या मालकाच्या तोंडून 'हाव, करा' ऐकल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी चाकू लावला नव्हता.

"अहो, जीपचे मालक तुमीच!"

"मी कागदावर. दुखनं त्यांचं हाय." असं म्हणून त्यांनी मला जीपमध्ये बसवलं आणि शालीत गुंडाळलेला सुपरचार्जर माझ्या मांडीवर दिला.

वस्तीवर पोचल्यावर त्यांनी तो अक्काच्या ओट्यावर ठेवला. फायदा सांगितला, धोका सांगितला, अगदी ऑपरेशनच्या आधी सांगतात तसं. अक्कानं शाल बाजूला करून ते लोखंड पाहिलं. तीन वर्षांचं कुंकू त्याच्या खाचाखोचांत बसलं होतं.

"ह्येच्यानं मरती का जीप?" तिनं विचारलं.

"मरंल बी कधीतरी."

"मग नगं, डॉक्टर. हळू येती ते चालतंय आमाला. यायची बंद झाली तर न्हाई चालत."

"अक्का, त्या दिवशी मी लवकर आलो असतो तर—"

"आलाव ना चिखलातनं. गुडघ्यापस्तोर चिखल भरला होता तुमच्या पायाला, म्या बघितलं की." आणि ती चहा ठेवायला उठली.

परतताना डॉक्टर वाटभर नाक पुसत होते. "सर्दी झालीया," म्हणाले. वैशाखात. सुपरचार्जर त्यांनी गुऱ्हाळवाल्या मित्राला देऊन टाकला. त्यानं तो कशाला वापरला, हे मी मुद्दामच विचारलं नाही. जीप पुढं सहा पावसाळे चालली, तशीच.

डॉक्टर जाऊन आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले. दिवस झाल्यावर त्यांच्या पत्नींनी चावी माझ्याकडे दिली. "उभी राहून गंजंल. अधनंमधनं फिरवत जा, भाऊ."

एका रविवारी मी जीप ओढ्याच्या वाटेला घातली. चढावर तिनं नेहमीचा तमाशा केला आणि अखेर वर आली. बघतो तर काय, वस्तीवरची सगळी जनावरं दावणीला ओळीनं बांधलेली. अक्का पुढं उभी, एका कालवडीचं दावं हातात धरून.

मी खाली उतरलो. "अक्का, डॉक्टर न्हाईत आता. तुमाला ठाव हाय ना?"

"ठाव हाय की रे बाबा," ती म्हणाली. "पन ही ओढ्याच्या पल्याड असती तवाच कळतंय आमाला. ती वर येईस्तोवर आमी रानातली जनावरं आनून बांधताव. दर बारीला तसंच. आज बी आवाज आला, अन् उठलो सगळे."

मी जीप बंद केली. तरी बराच वेळ कुणी जनावरं सोडली नाहीत.