पेटीवर बसायचं नाही!

आमच्या चर्चमध्ये गेली सव्वीस वर्षं पेटी मीच वाजवतो, कारण दुसऱ्या कुणाला मी तिला हातच लावू दिलेला नाही. लोक याला सेवा म्हणतात. बायको वेगळा शब्द वापरते (तो चर्चमध्ये चालत नाही).

शिवाय मी समाजसेवक! आमच्या दिंद्रुड गावात रक्तदान शिबिर असो, डोळ्यांची तपासणी असो, जयंतीच्या मिरवणुकीचा माईक असो, सतरंजी उचलायला पहिला मी. घरचं काही कार्य निघालं की मात्र मी नेमका दुसरीकडे. म्हणून आमच्या एस्तेरचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं बापाला एकच अट घातली.

"पप्पा, मला दागिने नकोत, काय नको. फकस्त दारापासून वेदीपर्यंत माझा हात धरून चाला. त्या दिवशी पेटीवर बसायचं न्हाई!"

आमच्यात बाप मुलीला मधल्या वाटेनं पुढं आणतो. पास्टर विचारतात, "या मुलीला कोण देतो?" बापानं म्हणायचं, "मी देतो." एवढंच काम. पण पोरीनं ते असं काही मागितलं, की मी लगेच तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शब्द दिला!" मी म्हणालो.

आता वाजवणार कोण? मी मेव्हण्याला, याकोबला, धरलं.

"दाजी, मला सुरातलं काय बी कळत न्हाई हो!"

"मी शिकवतो ना बे! सुराचा आणि तुझा काय संबंध?"

तीन आठवडे एकच गाणं शिकवलं. शेवटी कुठली पट्टी दाबायची ते कळावं म्हणून पेटीवर लाल टिकल्या चिकटवल्या. टिकली बघून पठ्ठ्या चक्क वाजवायला लागला! मी निर्धास्त झालो.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहालाच मी चर्चमध्ये हजर. (सवय!) झाडून काढलं, खुर्च्या मांडल्या, खिडक्या पुसल्या. मनात "मी देतो, मी देतो" असा सराव चालू होता आणि हात आपले कामाला लागलेले. ओल्या फडक्यानं पेटी पुसली. तिच्यावर काहीतरी लाल लाल चिकटलं होतं, तेही नखानं खरवडून काढलं. पेटी आरशासारखी लख्ख!

अकरा वाजता पांढऱ्या साडीतली एस्तेर माझा हात धरून दारात उभी राहिली. मंडळी उठली. याकोबनं पेटीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. तेव्हा कुठं मला त्या टिकल्या आठवल्या.

त्यानं देवाचं नाव घेऊन दिसेल त्या पट्टीवर बोट ठेवलं. सूर इतका वर लागला, की पहिल्या ओळीला पुरुष गळाले, दुसऱ्या ओळीला बायका. तिसरीला तर खुद्द याकोबच गळाला, नुसता भाता हलवत बसला!

"पप्पा, तिकडं बगू नका," एस्तेर कुजबुजली.

"न्हाई बगत."

मी सहन केलं. मोजून सात पावलं सहन केलं!

"पप्पा? हात कावून सोडला?"

पुढचं मला आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे लख्ख आठवतं. मी खुर्च्यांची रांग ओलांडली, "सरक बे!" म्हणून याकोबला ढकललं आणि काळी एकमध्ये गाणं उचललं. अख्ख्या चर्चला कंठ फुटला! मी डोळे मिटले. सव्वीस वर्षांत असा हात चालला नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

गाणं संपवलं आणि नवरी पोचली का ते बघायला डोळे उघडले. पोचली होती. आईचा हात धरून.

"या मुलीला कोण देतो?" पास्टरांनी विचारलं.

मी अर्धा उठलो होतो. "मी दे..."

"मी देते!" बायको अशा आवाजात म्हणाली, की पुढचं विचारायची पास्टरांचीही छाती झाली नाही.

मी खाली बसलो. फार वाईट वाटलं. पोरीनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही मला वेदीपर्यंत नेता आली नव्हती. एस्तेरनं वळून पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि हसू आवरत नव्हतं.

"तुमी पेटीवर बसला नसता तर माझं लगीन मुकाट्यानंच लागलं असतं," ती नंतर म्हणाली. "पण मी हे इसरणार न्हाई हां पप्पा!"

जेवणं झाल्यावर पाटोद्याहून आलेली नवऱ्यामुलाची आजी काठी टेकत माझ्याकडं आली. तिनं मला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि मंडळी उठली तेव्हा ती पुढं बसूनच होती.

"पेटी लई ग्वाड वाजिवली बगा तुमी," ती म्हणाली. "पर काय हो, पोरीचा बाप कावून आला न्हाई लग्नाला?"

मी पेटीचं झाकण लावलं.

"आलता की, आज्जी. अर्ध्या वाटंतून परत गेला."