स्वल्पविरामापुढच्या बायका

संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला आमच्याकडे दोनच कामं मिळतात: शिकवणी घेणं, नाहीतर दुसऱ्यानं गोळा केलेली माहिती सॉफ्टवेअरमध्ये भरणं. माझ्या वाट्याला दुसरं आलं. अंबाजोगाईतल्या एका लहानशा संस्थेनं घाटनांदूरच्या बाजूला ऊसतोडीला जाणाऱ्यांचं रक्त तपासलं होतं. ज्यांचं रक्त कमी, त्यांना ट्रक निघायच्या आत लोहाच्या गोळ्या पोचवायच्या. एकदा गाव सुटलं की पाच-सहा महिने कुणी हाती लागत नाही. गोळ्यांची यादी माझ्या संगणकातून निघणार होती, म्हणून मी जरा रुबाबातही होतो.

माहिती गोळा केली होती गावच्या आशाताईंनी. घरोघरी बोटं टोचून, सगळं मोबाइलवर टाइप करून त्यांनी साधी मजकुराची फाइल धाडली. नाव, वय, रक्त, मध्ये स्वल्पविराम. सॉफ्टवेअरला एवढंच कळतं: स्वल्पविराम आला की पुढचा रकाना, ओळ संपली की पुढचा माणूस.

फाइल आत घेताना पिवळ्या अक्षरांत सूचना आली: ओळींमध्ये रकान्यांपेक्षा जास्त मजकूर आहे, वगळू का? अशा सूचना मी लग्नपत्रिकेतल्या ‘कृपया आहेर आणू नये’इतक्याच गांभीर्यानं वाचतो. ‘होय’ दाबलं. दोनशे चाळीस ओळी आल्या. ताईंनी फोनवर ‘दोनशे चाळीस कोयते’ असंच सांगितलं होतं. आकडा जुळला की आम्हा लोकांना पुढे काही बघावंसं वाटत नाही.

कमी रक्ताची सतरा नावं निघाली, सगळी पुरुषांची. संस्थेचे साहेब खूश झाले. “बायका ठणठणीत निघाल्या की! अहवालात ठळक टाका.” मी ठळक टाकलं. माझी आई धर्मापुरीला खुरपता खुरपता चक्कर येऊन बांधावर बसते, हे मला ठाऊक होतं. पण आईचा आकडा फाइलमध्ये नव्हता.

गोळ्यांची सतरा पाकिटं गावात गेली आणि ताईंचा फोन आला.

“सर, यादीत एक बी बाई न्हाई. कावून?”

“ताई, बायकांचं रक्त चांगलं निघालं.”

“कुणाचं चांगलं? म्या सोता बोटं टोचलीत. सात, साडेसात हाय. आन् इथं ट्रक भरायलेत, सर.”

मी मूळ फाइल उघडली. पहिली ओळ: नवऱ्याचं नाव, अडतीस, तेरा, बायकोचं नाव, तेहेतीस, सात. सगळ्या ओळी तशाच. ताईंनी एका ओळीत एक कोयता लिहिला होता, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको, हे आमच्या जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. मी इथलाच. तरी दोनशे चाळीस कोयत्यांची दोनशे चाळीस माणसं झाली आणि मला खटकलं नाही. सॉफ्टवेअरनं नवरे ठेवले, बायका वगळल्या. बरं, विचारून वगळल्या. संमती माझी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओळी फोडून नवी यादी काढायला अर्धा तासही लागला नाही. एकशे त्रेसष्ट बायका. साहेब म्हणाले, “अहवाल तर गेला.” त्यांच्याशी वाद घालत बसलो नाही. संस्थेत होत्या तेवढ्या गोळ्या पिशवीत कोंबल्या आणि मोटारसायकल काढली.

पोचेपर्यंत बहुतेक ट्रक गेलेले. फाट्यावर एकच उभा होता. संसारावर संसार रचलेला, वर माणसं. ताई खालून नावं पुकारत होत्या, वरून हात येत होते. दहा-बारा पाकिटं गेली असतील. बाकीची पिशवीतच राहिली.

एका बाईनं पाकीट घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. “बोट तर तवाच टोचलतं. मग इतके दिस कावून लावले?”

“माझी चूक झाली,” मी म्हणालो.

“आसू द्या, व्हतंय.” पाकीट तिनं शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या खिशात ठेवलं. “आदी ह्यांला देते. लई पाठ दुखती त्यांची.”

ट्रक सुरू झाला. त्या गोळ्या पाठीच्या नव्हत्या, हे मी ओरडून सांगितलं, पण तिला काही ऐकू गेलं नसावं.