बर्फ आणि पेपर प्लेट्स

माझं पातेलं गराजमध्ये सापडलं. रंगाचे डबे, जुन्या सायकली, गवत कापायचं मशीन, काढून ठेवलेल्या चपला आणि त्यांच्या शेजारी, खाली जमिनीवर, माझा पाटवडीचा रस्सा. वरचा फॉइल तसाच घट्ट. कुणी कोपरासुद्धा उचलून बघितला नव्हता. नंदिनीकाकूंनी मला बर्फाची आणखी एक पिशवी आणायला गराजच्या फ्रीझरकडे पाठवलं होतं. पातेलं तिथेच ठेवलंय हे त्या विसरल्या असतील. किंवा नसतीलही.

बरोबर माझी सहा वर्षांची मुलगी होती. ती म्हणाली, "आई, दे फरगॉट अवर फूड."

सातवा महिना चालू होता. आदल्या दिवशी वड्या थापल्या होत्या, सकाळी तीन तास ओट्याशी उभी होते. आत तीस माणसं जेवत होती, सगळी आपली मराठी. दिवाळीचं पॉटलक होतं, प्रत्येक घरातून एक पदार्थ.

दोन हजार चार साल. गाव कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. नवरा कन्सल्टंट. सोमवारी विमानाने जायचा, गुरुवारी परत यायचा, आणि आमची एकुलती एक गाडी ते चार दिवस विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभी. तशीही मला ती चालवता येत नव्हती. बस नाही, रिक्षा नाही, रस्त्याला फुटपाथ नाही. दूध संपलं तर गुरुवारची वाट बघा. पोरीला ताप आला तर फोन हातात घेऊन बसा. नागपुरात मी बँकेत नोकरी केलेली बाई, स्कूटीवर अख्खं शहर पालथं घालायचे. इथे व्हिसावर लिहिलेलं की काम करायचं नाही. आणि गाडी नसलेला माणूस म्हणजे पार्सल. कुणीतरी उचलायचं, कुणीतरी पोचवायचं.

ते कुणीतरी म्हणजे नंदिनीकाकू. मूळच्या पुण्याच्या, इथे येऊन पंचवीस वर्षं झालेली, नवरा डॉक्टर. मोठं घर, मोठी गाडी, आणि पॉटलकला कुणी काय आणायचं त्याची यादी त्यांच्या हातात. मला तपासणीला त्याच न्यायच्या. माझ्या आईचा व्हिसा नाकारला गेला होता. म्हणजे कळा मधल्या वारी सुरू झाल्या तर हॉस्पिटलला नेणार त्याच. दुसरं कुणी नव्हतं. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

पहिल्या पॉटलकला मी मसालेभात नेला होता. चाटूनपुसून संपला. काकूंनी सगळ्यांसमोर रेसिपी विचारली. तेव्हा त्यांना आमचं काही माहीत नव्हतं. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून अंदाज येईना. "मूळचे कुठले गं तुम्ही?" असं त्या फिरवून फिरवून विचारायच्या आणि मी नागपूर सांगून विषय बदलायचे. हो, बदलायचे. माझी चूक ती, मी नाकारत नाही.

मग एकदा त्या मला घरी सोडायला आल्या आणि पाणी प्यायला आत आल्या. आमच्या हॉलमध्ये एकच फोटो. कोट, चष्मा, हातात पुस्तक. शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती. काकू फोटोकडे बघत राहिल्या. "अच्छा," म्हणाल्या. एवढंच. पाणी तसंच ठेवून, काहीतरी काम आठवलं म्हणून निघून गेल्या.

पुढची यादी ईमेलने आली. संक्रांतीची. माझ्या नावापुढे: बर्फ, पेपर प्लेट्स, नॅपकिन. पाडव्याला तेच. गणपतीला तेच. "अगं, पोटुशी बाई तू, कशाला उगाच राबतेस?" कसली माया! संक्रांतीला मी कुठे पोटुशी होते? आणि त्याच गणपतीत नववा महिना लागलेल्या एका मुलीकडून यांनी चाळीस पुरणपोळ्या करून घेतल्या होत्या.

मला कळलं नाही असं समजू नका. पहिल्याच यादीत कळलं. माझी आई शाळेत पाण्याच्या माठापासून चार हात लांब, ओंजळ धरून उभी राहायची. तिची लेक आहे मी. मला वास येतो. तरी वर्षभर मी बर्फ वाहिला. गुपचूप, हसतमुखाने. कारण गाडी काकूंची होती.

दिवाळीला मात्र डोकं फिरलं. यादीबिदी न बघता रस्सा केला. दारातच काकूंनी पातेलं हातातून घेतलं, कडेकडेने धरून. "अय्या, कशाला गं त्रास! दे, मी ठेवते." आणि हे असं ठेवलं. चपलांच्या बाजूला.

बर्फ तिथेच टाकला. पातेलं उचललं. जड होतं, पोट मधे येत होतं. तशीच आत गेले.

"काकू, हे गराजमध्ये होतं."

"अगं हो, टेबलवर जागाच नव्हती ना."

"तीन सॅलडं आहेत काकू. एक उचला."

त्यांनी उचललं नाही. मीच सरकवलं. पातेलं मधोमध ठेवलं, फॉइल काढला, डाव घातला. एक तरुण मुलगा, नुकताच पुण्याहून आलेला, वाटी घेऊन पुढे झाला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे बघितलं. त्याने वाटी खाली ठेवली. बाकी सगळे आपापल्या ताटात बघत होते, आणि त्यात माझा नवराही होता. मी पोरीला वाढलं, स्वतःला वाढलं, आणि आम्ही दोघी त्या टेबलाशी उभ्या राहून पोटभर जेवलो. तोंडाला चव नव्हती. तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

परत जाताना गाडीत मी मुलीला सांगितलं, "विसरले नव्हते ते. त्यांना आपल्या हातचं खायचं नव्हतं."

"लहान आहे ती," नवरा म्हणाला. मग म्हणाला, "इथे राहायचंय आपल्याला. महिन्या-दोन महिन्यांवर बाळंतपण आलंय. कोण नेणार तुला?"

"मी जाईन. सोमवारपासून गाडी घरी राहील. तू टॅक्सीने जा विमानतळावर."

मला काकूंपेक्षा त्याचा राग जास्त आला होता. अजून आहे.

खालच्या मजल्यावर लिन राहायची. चीनमधून आलेली, माझ्यासारखीच नवऱ्याच्या व्हिसावर. दोन वर्षं तीही अशीच घरात अडकून होती, मग शिकली. मंगळवारी आणि शनिवारी, बंद पडलेल्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिने मला शिकवलं. पोट स्टिअरिंगला टेकायचं. तिचं इंग्रजी तोडकं, माझं घाबरलेलं. तिला घरी जेवायला बोलावलं, तसाच रस्सा केला. नाक पुसत पुसत दोन वाट्या प्यायली. आडनाव विचारलं नाही. मला रडूच कोसळलं, ती बिचारी गोंधळली. पहिल्या टेस्टला नापास झाले. दुसऱ्यांदा पास. लायसन्स मिळालं तेव्हा नववा लागला होता.

कळा बुधवारी दुपारी सुरू झाल्या. मी नवऱ्याला फोन केला. त्याने काय करावं? काकूंना फोन केला! पाचव्या मिनिटाला त्यांचा मला.

"वेडेपणा करू नकोस. मी निघालेच. झालं गेलं विसर आता."

कळ आली होती. ती जाईपर्यंत मी ओट्याला धरून उभी राहिले. मग विचारलं, "काकू, माझ्या घरी जेवाल?"

"अगं, आत्ता हा काय विषय आहे का?"

"जेवाल का?"

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "मग येऊ नका," आणि फोन ठेवला.

लिनची गाडी तिच्या नवऱ्याकडे होती. मी मुलीला तिच्याकडे सोडलं आणि गाडी काढली. नऊ मैल. दोनदा कडेला थांबवली, कळ जाऊ दिली, परत निघाले. डॉक्टरबाई ओरडली, अशा अवस्थेत गाडी चालवतात का म्हणून. बरोबरच होतं तिचं. संध्याकाळी मुलगी झाली.

आता आमच्या कॉम्प्लेक्समध्ये नवं मराठी बिऱ्हाड आलं की मीच जाऊन दार वाजवते. बस नाही, दुकान लांब, हे सगळं मी भोगलंय, म्हणून हवं तिथे नेऊन आणते. आणि गाडीत बसायच्या आधी जात सांगते. नवरा म्हणतो, गरज काय? गरज आहे. माझ्या पोरींनी विषय बदलायला शिकू नये, एवढी गरज आहे. सांगून झालं की जेवायला बोलावते. काही येतात. काहींना अचानक उपास आठवतो. त्यांची मनधरणी मी करत नाही. ज्याला माझ्या हातचं चालत नाही, त्याचा हात मी धरणार नाही, माझ्यावर रस्त्यात बाळंत व्हायची वेळ आली तरी नाही.